नांदी आणि शीर्षकगीत : मालिका सुरू होण्याआधीचं एक मिनिट



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला तीन-चार फोन आले. "सर, शांकरभाष्यावरून एकदम टीव्हीवर कसे?" एका जुन्या विद्यार्थ्यानं तर आवाज खाली आणून विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. (हशा) तब्येत बरी आहे. आणि विषयही वाटतो तितका लांबचा नाही. थोड्या वेळानं भरतमुनी येतील, अभिनवगुप्त येतील, तेव्हा ज्यांना आपले पैसे वसूल व्हायला हवेत त्यांनी दम धरावा. व्याख्यान फुकट आहे, तरीही.

विषय असा. मालिका सुरू होण्यापूर्वी नावं येतात आणि मागे एक गाणं किंवा नुसती धून वाजते. मिनिट, फार तर दीड मिनिट. लेखनात आपण त्याला शीर्षकगीत म्हणतो, घरात सगळे 'टायटल साँग' म्हणतात. आता गंमत बघा. या सभागृहात साठीच्या पुढचे बरेच दिसताहेत. तुमच्यापैकी कुणाला 'महाभारत' मालिकेच्या सतराव्या भागात काय घडलं ते सांगता येईल? नाही ना. पण आत्ता कुणी त्याचं शीर्षकगीत नुसतं गुणगुणायला लागलं तर अर्धं सभागृह पुढचे शब्द पुरवेल. मालिका विसरली जाते, पात्रं एकमेकांत मिसळतात, कुणाचं लग्न कुणाशी झालं ते आठवत नाही. हे मिनिट मात्र तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं राहतं. का राहतं, एवढाच आपला आजचा प्रश्न.

आधी एक कबुली देऊन टाकतो. ज्या मालिकांबद्दल बोलणार आहोत त्यातल्या बहुतेक आम्ही पाहिलेल्या नाहीत. ऐकलेल्या आहेत.

आमचं घर सदाशिव पेठेत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टीव्ही बाहेरच्या खोलीत. आतल्या खोलीत आम्ही, उत्तरपत्रिका, आणि लावलेलं दार. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं मालिका बघायच्या नसतात अशी तेव्हा आमची पक्की समजूत होती. आता तिचं हसू येतं, पण होती. बाहेर आई, पत्नी आणि मुलगी. आई स्वयंपाकघरात असायची, तिला ऐकू जावं म्हणून शीर्षकगीताच्या वेळी आवाज मोठा. मग आई बाहेर येऊन बसली आणि संवाद सुरू झाले की "यांचं काम चाललंय" म्हणून आवाज बारीक. त्यामुळे झालं असं की वीस वर्षं आमच्यापर्यंत दारातून फक्त शीर्षकगीतं पोचली. पुढचं काहीच नाही. अशी शुद्ध सामग्री संशोधकाला सहसा मिळत नाही.

आणि गाण्याबरोबर आणखी काही आवाज यायचे. पहिले सूर वाजले की गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज. मग पातेल्यावर झाकण. मग नळ, मग आईची पावलं, मग लाकडी खुर्ची सरकल्याचा आवाज. गाण्याची शेवटची ओळ आणि खुर्चीचा आवाज यांची वेळ जवळजवळ जुळायची. आम्ही मनाशी म्हणायचो, ज्या कुणी हे गाणं बांधलं त्यानं आमच्या स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंतचं अंतर मोजलं असणार.

आता भरतमुनी. नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय आहे पूर्वरंगविधान. नाटक सुरू होण्यापूर्वी काय काय करायचं याची भली मोठी यादी तिथे आहे. वाद्यं मांडायची, गायकांनी जागा घ्यायच्या, सूर लावायचे, वाद्यांची जुळणी करायची, मग पडदा बाजूला, मग नांदी वगैरे. यातली एक गोष्ट वर्गात शिकवताना आम्ही नेहमी घाईनं ओलांडून जायचो. या यादीतली पहिली नऊ अंगं पडद्याच्या आड करायची आहेत. म्हणजे प्रेक्षक बसलेला आहे, त्याला दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. दिसण्याच्या आधी ऐकणं आहे. आमच्या बंद दारामागे बसून आम्ही नकळत भरतानं सांगितलेल्या जागीच बसलो होतो असं म्हणायला हरकत नाही.

पण हे सगळं कशासाठी? याचं चांगलं उत्तर अभिनवगुप्तानं दिलं. काश्मीरचा हा आचार्य, साधारण हजार वर्षांपूर्वीचा. नाट्यशास्त्रावरच्या त्याच्या टीकेत, अभिनवभारतीत, रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. सातही आज सांगत नाही, दोन सांगतो. एक विघ्न असं की हे माझं आहे किंवा हे त्या अमक्याचं आहे, या ठिकाणचं, या काळातलं, अशा हिशोबात मन अडकून पडतं. दुसरं विघ्न आम्हाला फार प्रिय आहे. त्याला तो 'निजसुखादिविवशीभाव' म्हणतो. शब्द लांबलचक आहे, पण अर्थ तुमच्या-आमच्या घरातला आहे. माणूस स्वतःच्याच सुखदुःखानं इतका विवश झालेला असतो की समोर काय चाललंय त्यात त्याचं मन जातच नाही. दूध नासलं, पेन्शनचा कागद परत आला, भावाशी बोलणं बंद आहे. असा माणूस रंगमंडपात येऊन बसतो. त्याला एकदम दुष्यंत-शकुंतला दाखवून काय उपयोग? पहिल्या विघ्नावर अभिनवगुप्त पूर्वरंग, प्रस्तावना आणि नाट्यातले संकेत हा उपाय सांगतो. दुसऱ्यावर वाद्यं, गाणं, मंडपाची सजावट वगैरे.

म्हणजे बघा, नाटकाच्या आधीचं गाणं नाटकाची जाहिरात करायला नाही. पुढे काय होणार त्याचा सारांश सांगायलाही नाही. बसलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या तावडीतून थोडा वेळ सोडवायला आहे. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की शीर्षकगीताचं कामही नेमकं हेच, आणि जी शीर्षकगीतं हे काम करतात तीच लक्षात राहतात.

आपल्याकडे ही रीत टीव्हीनं आणलेली नाही. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाच्या कानाला नांदीची सवय आहे. तिसरी घंटा झाली, अंधार झाला, धूपाचा वास आला, नांदीचे सूर उठले की माणूस खोकणं थांबवतो. निदान थांबवायचा. (हशा)

आणि १९७२ साल बघा. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, ज्याचे कार्यक्रम पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून आपल्याकडे पोचले. आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. आम्ही तेव्हा विशी ओलांडलेली पोरं. पडदा वर गेला तर समोर माणसांचाच पडदा. ओळीनं उभे राहून डोलणारे, गाणारे ब्राह्मण, गणपती नाचतोय. भास्कर चंदावरकरांचं संगीत, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. नाटकाची कथा काय ते कळायच्या आधी आपले पाय ताल धरायला लागले होते, आणि ते नाटक पुढे ज्या कारणानं वादात सापडलं ते सगळं त्या डोलण्यात आधीच होतं. शीर्षकगीत कसं असावं याचा आमच्या डोळ्यांपुढचा आजही तोच नमुना आहे. टीव्हीला तशी संधी नंतर क्वचित मिळाली.

टीव्हीच्या बाबतीत पहिलं नाव घ्यायचं ते कुठल्याच मालिकेचं नाही. दूरदर्शनच्या बोधचिन्हाचं. दोन वक्राकृती फिरत फिरत येतात, मधल्या गोलाभोवती स्थिरावतात, डोळ्यासारखा आकार होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्यानं ते चिन्ह केलं. धून पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हापासून ते दिसायला लागलं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ती धून थोडी रडवी आहे. लहान मुलं घाबरायची. आमची मुलगी ती सुरू झाली की आजीच्या पदरात तोंड खुपसायची आणि संपली की बाहेर काढायची. पण विसरली का? एकही जण विसरलेला नाही. गोड असणं आणि लक्षात राहणं यांचा फारसा संबंध नसतो, हे त्या धूनेनं आम्हाला शिकवलं.

'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत चाललं, ९४ भाग. महेंद्र कपूर यांचा आवाज, आणि शेवटी गीतेचे श्लोक. गाणं संपलं की हरीश भिमाणी यांच्या आवाजात प्रत्यक्ष काळ बोलायला लागायचा. आधी नांदी, मग सूत्रधार. बी. आर. चोप्रांच्या मंडळींनी नाट्यशास्त्र उघडलं होतं की नाही, हे महत्त्वाचं नाही. रीत अंगात मुरलेली असते. एक मात्र सांगतो. गीतेचे ते दोन श्लोक ज्यांना पाठ आहेत अशा आजच्या पन्नाशीच्या माणसांना विचारा, ते पाठ कुणी करून घेतले. पाठशाळेचं नाव कुणी घेणार नाही.

याच काळात, १९८८-८९ मध्ये, श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' लागत असे. ५३ भाग. नेहरूंचं जे पुस्तक तिच्या मुळाशी आहे ते आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात, बंदिवासात लिहिलेलं. या मालिकेच्या शीर्षकगीतापाशी आम्ही जरा थांबणार आहोत, कारण तिथे आमच्या पोटापाण्याचा संबंध येतो.

बेनेगलांनी सुरुवातीला काय घेतलं? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त. नासदीय सूक्त. सात ऋचा. जगाच्या आरंभाविषयीचं हे सूक्त आरंभाविषयी काहीच ठामपणे सांगत नाही. तेव्हा असणं नव्हतं, नसणंही नव्हतं, इथपासून सुरू करतं आणि शेवटी येतं कुठे, तर हे सगळं कुठून झालं ते वर बसलेल्या त्या अध्यक्षाला माहीत असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. देवालाही माहीत नसेल अशी शंका घेऊन संपणारं सूक्त जगातल्या धार्मिक वाङ्मयात शोधून काढणं अवघड आहे. आणि ते सरकारी वाहिनीवर, इतिहासाच्या मालिकेच्या डोक्यावर! आधी संस्कृत, मग त्याचं हिंदी रूप. ते हिंदी कुणाचं? वसंत देव यांचं. तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेणारे आपले वसंत देव. संगीत वनराज भाटियांचं. लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेला माणूस. त्यानं वेदपाठाला समूहगानाचा घोष दिला. आणि भाग संपताना पुन्हा ऋग्वेदच, १२१वं सूक्त, हिरण्यगर्भाचं, ज्यात कोणत्या देवाला हवि द्यायचा हे पुन्हा पुन्हा विचारलेलं आहे. दोन्ही टोकांना प्रश्न, मध्ये इतिहास. इतकं विचार करून केलेलं शीर्षकगीत आपल्या टीव्हीवर दुसरं झालेलं नाही, असं आमचं मत आहे.

आम्ही तेव्हा दहा-बारा वर्षं हे सूक्त वर्गात शिकवत होतो. दुपारच्या तासाला. मुलं झोपायची. झोपणं साहजिक होतं, आम्हीच कंटाळवाणं शिकवत असू. आणि १९८८ च्या हिवाळ्यात एके दिवशी फळ्यावर पहिली ऋचा लिहिली, तर मागच्या बाकावरून एका मुलानं चालीत म्हणायला सुरुवात केली. त्याच्यामागून दुसऱ्यानं. मग सगळ्या वर्गानं. आम्ही खडू हातात धरून उभे. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतले काही क्षण राहतात, त्यातला तो एक.

पण त्याच तासाला एक गोष्ट खटकली, तीही सांगायला हवी. आम्ही त्यांना म्हटलं, छान, आता चाल सोडून नुसतं वाचा आणि अर्थ सांगा. एकालाही चालीशिवाय म्हणता येईना. आणि अर्थ विचारला तर एक मुलगी म्हणाली, "सर, देवाची प्रार्थना आहे." शंका कुठेच गेली होती! भाटियांचा तो घोष इतका गंभीर, इतका भव्य, की प्रश्न प्रार्थनेसारखा ऐकू यायला लागला. गाण्याची ताकदही तीच आणि धोकाही तोच. विवशता घालवता घालवता गाणं नवी विवशता लावून जातं. अभिनवगुप्ताला हे विचारायला हवं होतं.

यानंतर आम्ही कान जरा उघडे ठेवायला लागलो. 'मालगुडी डेज'ची एल. वैद्यनाथन यांची धून त्यामुळेच नीट ऐकली. शब्द नाहीत, नुसते बोल, जे कुठलंही मूल आंघोळ करताना म्हणू शकतं. पडद्यावर आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं. धाकट्या भावानं थोरल्या भावाच्या गावाची काढलेली चित्रं. लक्ष्मण शेवटी आपल्या पुण्यात राहिले, २६ जानेवारी २०१५ ला इथेच गेले. ती रेखाटनं आम्ही निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिली. संगणकावर बसून एकेक करत सगळी जुनी शीर्षकगीतं शोधून काढली, वीस वर्षं दारातून ऐकलेली. आता दिसणार होती.

खरं सांगायचं तर बहुतेकांनी निराशा केली. विशेषतः आपल्या मराठी मालिकांनी. नट मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतो आणि हसतो. मग दुसरा मान वळवतो. मग तिसरी, ओढणीसकट. कानाला इतकं सुंदर आणि डोळ्याला हे? पैसे कमी असतील, वेळ कमी असेल, कारणं समजू शकतात. पण लक्ष्मण यांच्या रेखाटनात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे नट नाहीच. गाव आहे. गावात कुणीही जाऊन राहावं.

आणि इथे आम्ही 'आभाळमाया'कडे येतो. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, 'आभाळमाया' तिच्या अगदी सुरुवातीची. शीर्षकगीताचे शब्द मंगेश कुलकर्णी यांचे, संगीत अशोक पत्की, आवाज देवकी पंडित. याच तिघांनी पुढे 'वादळवाट'चंही गीत केलं, २००३ साली. दोन्ही गाणी घराघरात गेली, मैफलींत गायली गेली, मोबाइलच्या रिंगटोन झाली.

यातलं मर्म काय? त्या 'आभाळमाया'च्या गाण्यात मालिकेतल्या एकाही माणसाचं नाव नाही. गोष्ट नाही. जीव जडतो, आस लागते, माणसं तुटतात, असं कुणाच्याही घरात घडणारं आहे. ते गाणं सुधाचं नाही, म्हणून ते आमच्या आईचं होऊ शकलं. साहित्यशास्त्रात याला साधारणीकरण म्हणतात, भट्टनायकानं मांडलेली आणि अभिनवगुप्तानं पुढे नेलेली कल्पना. भाव कुणा एकाचा राहत नाही आणि म्हणूनच सगळ्यांचा होतो. 'वादळवाट' तर आणखी पुढे गेलं. थोडं हे, थोडं ते, अशी समुद्राकाठची चिमूट चिमूट गोळा करत जातं. कोर्टकचेऱ्या, राजकारण, खूनबिन सगळं मालिकेत, गाण्यात नावालाही नाही. हल्ली काही गाणी नायिकेच्या नावानं सुरू होतात आणि सासूच्या स्वभावावर संपतात. अशी गाणी मालिका बंद झाल्यावर कुणी कशाला म्हणेल?

पत्कींबद्दल एक गोष्ट. या माणसानं आयुष्यभर शेकड्यांनी जाहिरातींच्या चाली बांधल्या. 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची चाल त्यांची, 'पूरब से सूर्य उगा'ची त्यांचीच. दहा सेकंदांत माणसाचा कान धरून वळवायचा, हे त्यांना हातखंडा जमणारं काम. भावगीताला तीन मिनिटं मिळतात, शीर्षकगीताला एक. त्या एका मिनिटात मुखडा, एखादी वरची जागा, आणि परत येणं. आणि परत येणं असं की उद्या पुन्हा ऐकताना कंटाळा येऊ नये. रोजची मालिका आठवड्याला पाच दिवस धरा, वर्षाला अडीचशेच्या वर वेळा ते कानावर पडणार. मनाचे श्लोकही आपण इतक्या वेळा म्हणत नाही. नुसतं वारंवार ऐकल्यानं काय होतं म्हणाल, तर पाठ होतं. प्रेम बसायला आणखी काही लागतं.

ते काय लागतं, याचं आमच्याकडचं एक उदाहरण. 'आभाळमाया'च्याच दिवसांतलं. एका संध्याकाळी आतल्या खोलीत फोन आला. आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, नाशिकला गेला. फोन आमच्या हातात. बाहेर गाणं सुरू झालेलं. गॅस बंद केल्याचा आवाज आला, झाकणाचा आला, पावलं आली. आम्ही दार उघडून बाहेर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या वेळी आम्ही त्या खोलीत. आईनं आमच्याकडे पाहिलं, आमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हात वर करून म्हणाली, "थांब. गाणं संपू दे, मग सांग."

मामा चार दिवस दवाखान्यातच होता. तिला कळलं नव्हतं असं आम्हाला आजही वाटत नाही. ती पदराला हात पुसत खुर्चीवर बसली आणि गाणं ऐकलं. संपलं. पत्नीनं टीव्ही बंद केला. मग आम्ही सांगितलं.

त्या वेळी आम्हाला राग आला होता. गाणं काय महत्त्वाचं आहे का? बऱ्याच वर्षांनी, एका उजळणी वर्गात अभिनवभारतीतला तो उतारा शिकवताना 'निजसुखादिविवशीभाव' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि पुढचं वाक्य बोलता येईना. नाटक बघायला सोपं जावं म्हणून माणसाला त्याच्या दुःखातून थोडा वेळ काढायचं, असं आम्ही शिकवत आलो होतो. आईला त्या दिवशी नाटक बघायचंच नव्हतं. तिला फक्त ते मिनिट हवं होतं.

असो. आता आमच्या मुलीकडे येऊ. ती परदेशात असते. मागच्या खेपेला आली तेव्हा म्हणाली, बाबा, आता दार लावून बसायचं नाही, आपण मिळून एक मालिका बघू. इंग्रजी होती. नावं सुरू झाली, चांगली धून वाजायला लागली, आणि हिनं बटण दाबलं. थेट गोष्ट सुरू! आम्ही ओरडलो, "अगं, नांदी!" (हशा) नेटफ्लिक्सनं २०१७ साली हे सुरुवात वगळण्याचं बटण आणलं. २०२२ साली त्यांनीच सांगितलं की दिवसाकाठी ते १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. भरताच्या पूर्वरंगावर दिवसाला तेरा कोटी वेळा काट मारली जातेय.

आम्ही तिला हे सगळं ऐकवलं, आत्ता तुम्हाला ऐकवलं ते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, नाटकात नांदी किती वेळा म्हणतात?" एकदा. "प्रत्येक अंकाला म्हणतात?" नाही. "मग आपण सलग चार भाग बघतोय. पहिल्या भागाची धून ऐकली की आपण. बाहेर गेलोच नाही, तर पुन्हा आत कशाला यायचं?"

मंडळी, याला उत्तर नाही. मुलगी आमची आहे, याचा अभिमान वाटला आणि थोडी चिडचिडही झाली. शिवाय भरत तिच्याच बाजूचा निघाला. पाचव्याच अध्यायात तो बजावतो की पूर्वरंगात नाचगाण्याचा अतिरेक करू नका, करणारेही थकतात आणि बघणारेही, आणि थकलेल्याला मग रसभाव नीट कळत नाहीत. म्हणजे बटणाची सोय त्यानंही मान्य केली असती.

काहींनी यावर युक्ती काढली. 'गेम ऑफ थ्रोन्स' २०११ ला आली, तिच्या सुरुवातीला एक नकाशा उलगडतो, यंत्रातून शहरं वर येतात. त्या त्या भागात कथा जिथे जाणार त्याप्रमाणे नकाशातली ठिकाणं बदलतात. म्हणजे वगळलंत तर काहीतरी हुकेल. हुशारी आहे. पण त्यात माणसाला बांधून ठेवणं आहे, सोडवणं नाही. आम्हाला त्यापेक्षा 'मिशन इम्पॉसिबल'ची १९६६ सालची लालो शिफ्रिन यांची धून जास्त पटते. पाच मात्रांचा तो ताल. आपला झपतालाचा कान लगेच ओळखतो की इथे काहीतरी चारात बसत नाहीये, पाऊल अधांतरी राहतंय. शब्द नाही, चित्राची गरज नाही, आणि माणूस खुर्चीत पुढे सरकतो.

मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मात्र आम्हाला नंतर सुचलं, ती विमानात बसल्यावर. नेहमीप्रमाणे. ती म्हणाली, बाहेर गेलोच नाही तर आत कशाला यायचं. बरोबर. पण आई रोज बाहेर जायची. तेवीस तास आणि तीस मिनिटं ती बाहेरच असायची, स्वयंपाकात, औषधांत, आमच्या वडिलांच्या आजारपणात. म्हणून तिला रोज नव्यानं दार लागायचं. शीर्षकगीत रोजच्या, आठवड्याच्या वाट बघण्याशी बांधलेलं आहे. वाट बघणं गेलं की गाणंही जाणार, त्याला बटण कारण नाही. आता रोजच्या मराठी मालिकांतही बऱ्याचदा गाण्याच्या पाच-दहा सेकंदांवर भागवतात. काही गाणी मात्र टीव्हीतून बाहेर पडून रस्त्यावर जगताहेत. 'राजा शिवछत्रपती'साठी २००८ साली अजय-अतुल यांनी कवी भूषणाच्या छंदाला जी चाल दिली ती शिवजयंतीला पुण्यातल्या कुठल्याही चौकात उभं राहून ऐका. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं ते ब्रज भाषेतलं काव्य, शब्दांचा अर्थ किती जणांना कळतो देव जाणे, पण ढोल पडला की पोरं पुढे म्हणतात. मालिका कधीच संपली.

प्रश्नोत्तरांना अजून दहा मिनिटं आहेत. त्याआधी आपण दोन शीर्षकगीतं ऐकणार आहोत, आधी 'भारत एक खोज' आणि मग 'आभाळमाया'. मागे जे यंत्रावर बसलेत त्यांना विनंती, चित्र लावू नका, पडदा बंद ठेवा, नुसता आवाज. आणि तो जरा मोठा ठेवा, मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे. कुणाला पाणीबिणी प्यायला उठायचं असेल तर खुशाल उठा, गाणं संपेपर्यंत जागेवर आलात तरी चालेल. दिवे कमी करा.